बाबांचा स्क्रूड्रायव्हर

कॉलेजात मी फक्त पंक रॉक ऐकायचो. दोन मिनिटांची गाणी, नुसता आरडाओरडा. त्यातूनच पुढे निघालेल्या संथ पोस्ट-पंकवाल्यांचा मला राग यायचा. एकसारखा घुमणारा बेस, आणि गाणारा जणू रजेचा अर्ज वाचून राहिला!

बाबा तेव्हा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर होते. मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला बिघाड ऐकायचा, ही त्यांची रीत. एकदा वैतागून त्यांनी माझ्या स्पीकरलाही तसाच कान लावला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलं याचं." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता माझी चाळिशी उलटली. त्याच पंकनं डोकं उठतं, आणि तो अर्ज वाचणारा मला रोज लागतो. परवा रविवारी तो लावून मी मेथी निवडत बसलो होतो. रिटायर झालेले बाबा पेपर ठेवून उठले, स्क्रूड्रायव्हर आणला, स्पीकरला टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

त्यांना त्रास नको म्हणून मी बंद करायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"काहून? चालत्या मशीनला हात लावत नसतात."