मनुका भिजवल्या ते पाणी

"लांब धर."

मी घागर लांब धरली.

"आजून लांब. शिंतोडं उडत्यात माझ्या अंगावर."

पाटलांची भावजय विहिरीच्या कट्ट्यावर उभी होती. मी खाली. तिचा पोहरा वर, माझी घागर खाली. ती उंचावरून पाणी सोडत होती. निम्मं घागरीत पडत होतं, निम्मं माझ्या फ्रॉकवर आणि मातीत. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. पाथर्डीकडची माणसं डबक्याचं पाणी फडक्यातून गाळून पीत होती. तरी ती निम्मं मातीत सोडत होती.

"नगरला इंग्रजी शाळंत हाय म्हनं. का गं मडमीन, तितं बी आशीच धरतीस का घागर?"

मागच्या बायका हसल्या. माझी आई त्यांच्याही मागे उभी होती. ती पण थोडं हसली. हसली नसती तर पुढची घागर मिळाली नसती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला तिचा राग आला.

शाळेत नळ होता. मी नळाखाली ओंजळ धरून प्यायचे, माझ्यामागून डॉक्टरांची मुलगी तशीच प्यायची. कुणी काही म्हणत नसे. पाणी आटलं म्हणून त्या वर्षी बोर्डिंग लवकर बंद झालं आणि मी घरी आले. वय सतरा. मला इस्त्रीचे कपडे माहीत होते, चार सुरांत गायची इंग्रजी गाणी माहीत होती. विश्वास म्हणजे तेच, असं मला वाटायचं. माझा विश्वास एकदाही उन्हात उभा राहिला नव्हता.

गावाबाहेर आमची सहा घरं होती. मध्ये मातीच्या भिंतींचं छोटं प्रार्थनामंदिर. आजीच्या पिढीत आम्ही ख्रिस्ती झालो. गावाच्या लेखी आम्ही आधी होतो तेच राहिलो. आईचं नाव सारा ठेवलं, गावानं सारू केलं. देव बदलला, पण विहिरीचा दोर काही हातात आला नाही. आमचा आड त्या साली आटला आणि आम्ही पुन्हा गावाच्या विहिरीच्या कट्ट्याखाली उभे राहिलो.

वडील मी लहान असतानाच वारले होते. आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची.

मग एक दिवस पाटील स्वतः वस्तीवर आले. बरोबर चार माणसं, आणि तमाशा बघायला बायका. आमच्या वस्तीचे वडीलधारे म्हणजे दगडूमामा. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच तेच. ते हात जोडून पुढे झाले.

पूर्वी रोगराई आली किंवा पाऊस हुकला की गाव मरीआईची टोपली काढायचं. दहीभात, बांगड्या, हिरवा खण. टोपली आमच्या आळीतल्या बाईनं डोक्यावर घ्यायची. कपाळभर कुंकू, दातात कडुलिंबाचा डहाळा. शिवेपलीकडे टोपली ठेवून यायची. गावाची पीडा त्या बाईबरोबर जाते म्हणतात. गाव मोकळं होतं. बाईचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. आजीनं हे सोडलं. पलीकडच्या बौद्ध घरांनीही सोडलं. पण पाऊस दोन वर्षं नव्हता, आणि गावाला कुणाचं तरी डोकं हवं होतं.

"दुधाच्या भुकटीवर द्येव बदलला तुमी," पाटील म्हणाले. "बदला. आमचं म्हननं न्हाई. पर गावासाटी येक टोपली उचलाया काय जातंय तुमचं?"

"मालक, आमच्यात चालत न्हाई," दगडूमामा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"पानी चालतंय?"

पाटलांची भावजय पुढे आली. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "ह्या मडमिनीला द्या की टोपली. हिच्या पायात चपला हायेत. शिवंपतुर काटा बी टोचायचा न्हाई."

पुन्हा हसू. तेच, विहिरीवरचं.

मी लाजरी. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी कसा फुटला, माहीत नाही. मी म्हणाले, "मी नेणार नाही. मी ख्रिस्ती आहे. आमच्यातलं कोणीच नेणार नाही."

पहिली दोन वाक्यं माझी होती. तिसरं मी कुणालाही न विचारता बोलले.

पाटलांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मामांकडे वळून म्हणाले, "बरं. मंग पानी बी ख्रिस्ताच्याच हिरीतनं न्या."

ते गेल्यावर मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. आजीचं रगात हाय." मी आईकडे बघितलं. ती रिकाम्या घागरी एकावर एक रचत होती.

दुसऱ्या दिवसापासून विहीर बंद.

लांबच्या नाल्यात वाळू उकरली की तळाशी थोडं पाणी साचायचं. त्याला आम्ही झिरा म्हणायचो. वाटीवाटीनं भरून घ्यायचं, गढूळच. बायका दिवसभर खडी-माती करायच्या आणि संध्याकाळी तिकडे चालत जायच्या. मी एकदा गेले. येताना पाय घसरला, घागर फुटली. घरातली चांगली घागर. "तू ऱ्हा घरी. तुजं पाय न्हाईत ह्या वाटंचं," आई एवढंच म्हणाली.

मी राहिले. राहिले आणि प्रार्थना करत बसले. बोर्डिंगच्या सवयीनं माझी प्रार्थना इंग्रजीतच यायची. आई दमून आली की माझ्याशेजारी गुडघे टेकायची, डोळे मिटायची. आमेन कुठे म्हणायचं ते तिला कळायचं नाही. मी थांबले की अंदाजानं म्हणायची.

शेजारच्या घरातलं लहान लेकरू त्या पाण्यानं आजारी पडलं. उलट्या, जुलाब. त्याची आई आमच्या दारावरून जाताना माझ्याकडे बघायची नाही.

मंगळवारी भरदुपारी मी प्रार्थनामंदिरात होते. कामावर न गेलेल्या म्हाताऱ्या बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. गाणं सुरू होतं आणि गावाकडून हलगी ऐकू आली. जवळ आली, मग शिवेकडे वळली. टोपली निघाली होती. म्हणजे कुणीतरी नेत होतं. कोण, हे जाऊन बघता आलं असतं. दार उघडंच होतं. मी उठले आणि दार लावून घेतलं. मग गाणं आणखी मोठ्यानं म्हटलं.

घरी आले तर माठ भरलेला. वर फडकं. लोटा बुडवला तर पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. मी एक लोटा प्यायले. दुसरा प्यायले. मग विचारलं, "विहिरीचं?"

"पी," आई म्हणाली.

ती चुलीपुढे बसली होती. कामाच्या दिवशी दुपारी घरी. तिनं कपाळ पदरानं घासघासून पुसलं होतं. कुंकू गेलं होतं, पण कातडी लाल झाली होती. अंबाड्यात कडुलिंबाची दोन पानं अडकली होती. ती तिला दिसली नव्हती.

"आई, तू नेलीस?"

"दिसभर मातीच्या पाट्या वाहती. त्यात आजून येक."

"पण ते पाप आहे."

हा शब्द मी उच्चारला. तिचं पाणी पोटात असताना उच्चारला.

आईनं फुंकणी खाली ठेवली. "त्या लेकराचं डोळं पांढरं झालं हुतं," ती म्हणाली. "प्रभूला म्या आधी सांगूनशान गेल्ते. त्यो काय म्हनायचा त्ये मला म्हनंल. तू नगं मधी पडू."

सहाही घरांत विहिरीचं पाणी आलं. कुणी विचारलं नाही कसं आलं. सगळ्यांना माहीत होतं. दगडूमामांच्या घरीही माठ भरला. लेकरू उठून बसलं.

महिन्यातून एकदा आमचे पाद्री, पाळकसाहेब, सायकलवरून प्रभुभोजनाला यायचे. भाकरीचा तुकडा खाऊन एकाच पेल्यातून सगळ्यांनी द्राक्षरस प्यायचा. द्राक्षरस आमच्याकडे कुठला. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या, तोच रस. हे काम कित्येक वर्षं आईचं होतं. त्या शनिवारीही तिनं हात धुतले, पातेलं घासलं, मनुका निवडल्या. मीच तिला माठातून पाणी काढून दिलं.

रविवारी सकाळी दगडूमामा पाळकसाहेबांशी बाहेर बराच वेळ बोलले. पाळकसाहेब भला माणूस. उन्हातून आलेला, दमलेला. ते आत आले आणि आईला हळूच म्हणाले, "साराबाई, या खेपेला तुम्ही मागं बसा. पेला घेऊ नका. मंडळीला वळण राहायला पाहिजे."

आई उठली आणि मागे दाराशी जाऊन बसली. जिथे चपला ठेवतात तिथे.

मग मामा म्हणाले, "आन् आपल्या पोरीनं पाटलाफुडं कबुली दिली. तिनं साक्ष द्यावी. लहान लेकरं ऐकतील."

सगळे माझ्याकडे वळले. विहिरीखाली लाज वाटली होती ती काहीच नव्हती. तिथे मला खाली उभं केलं होतं. इथे मला वर उभं करत होते, आईच्या डोक्यावर पाय देऊन. आणि माझे कपडे इस्त्रीचे होते.

मी उभी राहिले. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर पेला. मी विचारलं, "मामा, हा रस कोणी केला?"

"म्हंजे?"

"मनुका कुठल्या पाण्यात भिजवल्या?"

मामांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"तुमच्या माठात कुठलं पाणी आहे?"

"बाळ, खाली बस," पाळकसाहेब म्हणाले. मामांचं तोंड पडलं होतं. ते वाईट नव्हते. पाटलांपुढे त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि आता कुणावर तरी मोठा करायचा होता. तसा मीही केला होता. चुलीपुढे. आईवर.

"तिला नाही, तर मलाही नको," मी म्हणाले आणि मागे चपलांपाशी जाऊन आईशेजारी बसले.

मला वाटलं, आई माझा हात धरेल.

तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. "गप ऱ्हायची हुतीस," दातांतल्या दातांत म्हणाली. घरी आल्यावर म्हणाली, "टोपलीच्या टायमाला बी तूच बोल्लीस. आज बी तूच. सगळ्यांफुडं माजं नाव काडलंस. मला इचारलं हुतंस का?"

"नाही."

"मंग माज्या जिवावर शूर व्हऊ नगंस."

'नाही' म्हणायला मला एक क्षण लागला होता. ते 'नाही' वाहून न्यायला आईला शिवेपर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर घेतली आणि झिऱ्यावर गेले. चपला घरी ठेवल्या. पडले, पुन्हा गेले. आधी आमच्या घरापुरतं आणलं, मग लेकराच्या घरी धुण्याभांड्यांपुरतं. त्याची आई घागर उतरवून घ्यायची. विहिरीचं पाणी मी पुन्हा तोंडाला लावलं नाही. जूनमध्ये बोर्डिंग उघडलं. मी गेले नाही. आई रागावली, रडली. मी गेले नाही.

पाऊस तेव्हाही आला नव्हता. गावानं पुन्हा टोपली भरली. या खेपेला हलगी थेट आमच्या दारात आली. पाटील म्हणाले, "सारू, येकदा नेलीस, आता ह्यो तुजाच मान."

मी ओसरीवर होते. तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. आईकडे वळून विचारलं, "आई, तुला न्यायची आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओसरीच्या कडेला मी भरून ठेवलेल्या घागरींकडे बघितलं. गढूळ पाणी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्या न्हाई न्यायची," ती पाटलांना म्हणाली. "माज्या घरात पानी हाय."

"ह्ये? ह्ये पानी हाय व्हय?" पाटलांची भावजय म्हणाली. "किती दिस पुरंल?"

या प्रश्नाचं उत्तर माझं होतं. ते आईकडे जाऊ द्यायचं नव्हतं. "मी आणते आहे तोवर," मी म्हणाले.

त्या दिवशी विहीर पुन्हा बंद झाली. सहा घरं, एक नाला. प्यायचं पाणी आता उकळूनच. मामांच्या घरी मी पहिली घागर ठेवली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

आता मी गावातच असते. मंडळीत आईचा पेला अजून बंद आहे. तिनं चूक झाली असं सगळ्यांपुढे म्हणावं, अशी पंचांची अट आहे. ती म्हणत नाही. मनुका मात्र अजून तीच भिजवते, कारण दुसऱ्या कुणाला ते नीट जमत नाही. पेला माझ्यापुढे येतो. मी तो पुढच्या माणसाकडे देते. पाळकसाहेब दर खेपेला विचारतात, मी तेच सांगते. आधी तिला. मग मला. तोवर नाही.

आणि हे मी या खेपेला आईला विचारून लिहिलं आहे.