वायरमननं फिरवलेला शब्द

रक्ततपासणी केंद्रात त्याचं खरं नाव विचाराल तर निम्मी माणसं डोकं खाजवतील. सगळे त्याला वायरमनच म्हणत. बावीस वर्षांपूर्वी भिंतीत वायरी ओढायला आला आणि तिथंच मुरला. आधी पंखे, मग फोन, मग कॉम्प्युटर. शिकवलं कुणी नाही. बिघडलेलं उघडायचं, बघायचं, परत जुळवायचं, एवढीच त्याची शाळा. डिग्रीचा कागद मात्र नव्हता, आणि नव्या साहेबांना तेच सलत होतं. मागल्या खोलीत शिकलेला माणूस हवा, असं ते दोनदा बोलले होते. दुसऱ्यांदा तर त्याच्या तोंडावर.

मागल्या खोलीत एकच मोठं मशीन, सर्व्हर. बाहेर अडतीस टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. सगळ्यांचं डोकं या एका मशीनमध्ये. एका चुलीवर अडतीस घरांचा स्वयंपाक म्हणा ना. या मशीनवरच्या अँटीव्हायरसची मुदत शनिवारी संपत होती आणि नवं कोणतं घ्यायचं ते वायरमननं सांगायचं होतं. दोन कंपन्यांनी चाचणीपुरत्या प्रती दिल्या होत्या. रविवारी केंद्र बंद असताना त्यानं पहिली घालून पाहिली. मशीन सुसाट. सोमवारी ‘हीच घ्यावी’ असं साहेबांना लिहून दिलं, खाली सही ठोकली आणि मोकळा झाला.

गुरुवारी सकाळी घरी नळाला करंगळीएवढी धार. रविवारी तर धो धो येत होतं, असं तो कुरकुरला. बायको बादली सरकवत म्हणाली, "रविवारी तुम्ही एकटेच उठला होता. सगळी बिल्डिंग उठल्यावर येतं ते खरं पाणी."

त्याचा ब्रश तोंडातच राहिला. रविवारी मशीनवरही तो एकटाच होता.

केंद्रात पोचल्या पोचल्या त्यानं पहिल्या कंपनीची माहितीपुस्तिका पुन्हा काढली, या खेपेला चष्मा लावून. तिची रीत घरगुती कॉम्प्युटरची. जो आत येईल त्याच्यामागं एक पहारेकरी उभा करायचा. अडतीस माणसं आली की अडतीस पहारेकरी, आणि दारात पहारेकऱ्यांचीच चेंगराचेंगरी. दुसऱ्या कंपनीचा पहारेकरी एकच, फाटकावर. आत कितीही येवोत.

गप्प बसता आलं असतं. उद्या बिघडलं की विकणाऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकायचं, हे त्यालाही येत होतं. पण बिघडणार सकाळी नऊला, शेजारच्या इस्पितळात माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आणि त्याचा रक्ताचा रिपोर्ट इथं अडकलेला असताना. तो साहेबांकडं गेला.

"साहेब, सोमवारी लिहून दिलं ते चुकलंय बहुतेक."

"बहुतेक?"

"दुपारी सगळ्यांना एकदम बसवून बघतो. मग नक्की सांगतो."

साहेब म्हणाले, खुशाल बसवा. पण ते पत्र माझ्या टेबलावर आहे. खोटं ठरलं तर तुमच्या जागी दुसरा बघायला मला वेगळं कारण लागणार नाही.

जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं मिळाली. तातडीच्या तपासण्या तेवढा वेळ हातानं लिहायचं प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी कबूल केलं. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, आमचे डबेपण तुमचं मशीनच खाणार का. वायरमनला हसू आलं नाही.

पहिली प्रत चालू केली. तो मागं सर्व्हरपाशी, साहेब त्याच्या पाठीशी. बाहेरचे आपापल्या टेबलावरून एकेक करून मशीनमध्ये आत येऊ लागले. दहा झाले, काही नाही. अठरा झाले, निम्मी मेमरी भरली. चोवीसला मशीनचा पंखा घरघरायला लागला. चालतंय की, असं साहेब म्हणाले. वायरमन आकड्यांवरून नजर काढेना.

एकोणतिसाव्याला बाहेरून आवाज आला, माझा स्क्रीन गोठला. मग दुसरा, मग एकदम सगळे. त्याच घडीला फोन वाजला. इस्पितळातून रक्तगट विचारत होते, ताबडतोब. मोठ्या बाईंनी हातातला कागद धरून एकदा वाचला, दुसऱ्यांदा सावकाश वाचला, पलीकडच्याकडून म्हणवून घेतला.

वायरमननं ती प्रत उपटली. मशीन शुद्धीवर यायला चार मिनिटं लागली. साहेब ती चार मिनिटं घड्याळ बघत होते.

शुक्रवारी दुपारी दुसरी प्रत. उपाशी माणसं पुन्हा बसली. एकोणतीस गेले, तेहेतीस गेले, अडतीस. पंख्याचा आवाजसुद्धा बदलला नाही. साहेबांनी ऑर्डरचा कागद पुढं केला, सही करा म्हणाले.

वायरमननं पेन घेतलं नाही. "उद्या सकाळी नऊला बघू. आज नुसते आत येऊन बसलेत. सकाळी सगळे एकदम काम काढतात."

"आणि उद्या पुन्हा शब्द फिरला तर?"

"तर सोमवारपासून मी येत नाही."

शनिवारी पावणेनऊपासून तो मशीनपुढं बसला. नऊला अडतीस जण आले, रिपोर्ट धडाधड निघायला लागले, छपाईची मशीनं खडखडली. साडेनऊपर्यंत कुणाची हाक आली नाही. तेव्हा कुठं त्यानं स्वतःहून पेन मागितलं.

सही वाळायच्या आत साहेब म्हणाले, "ही सगळ्यांना बसवून बघायची रीत लिहून ठेवा. तुमच्यानंतर येईल त्याला लागेल."

वायरमननं विचारलं, "कधी येणारे तो?"

"तुम्ही रिटायर झाल्यावर," साहेब म्हणाले आणि कागद घेऊन गेले.