लेबर रूमच्या भिंतीवरची काच

हिवरखेडजवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात, मे महिन्याच्या दुपारी, मी लेबर रूममधल्या खाटेवर उताणी पडले होते. तिथल्या नर्स तायडे सिस्टर दारातच थबकल्या.

"मॅडम, बरं नाई का तुमाले?"

"बरी आहे. स्लॅब पाहून राहिली."

ही माझी जुनी खोड. सरकारी इमारती तपासून त्यांना ग्रेड द्यायचा, हे आम्हा इंजिनिअरांचं काम. एक म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे कुलूप लावा आणि पाडा. दुरुस्त्या त्यावर ठरतात. उभ्यानं छत नीट दिसत नाही, म्हणून मी आडवी होते. लोक हसतात. हसू देत.

पंखा गरगरत होता. गुंगीत समोरच्या भिंतीवर पानं हलताना दिसली. लांबट, हिरवी, सावकाश डोलणारी. कुठे आहे तेच विसरले. फार बरं वाटत होतं. मग दचकून उठले. अगं बाई, ही तर भेग! भिंतीच्या आरपार बाहेरची निलगिरी दिसत होती.

"कुलूप नका लावू, मॅडम," सिस्टर घाईघाईनं म्हणाल्या. "बाहेर सुनीता बसली ना, तिचे दिवस भरले. अकोल्याले नेता नेता जीपमधीच बाळंत होईन ते."

मी हातोडी घेऊन कॉलम, म्हणजे इमारतीचे खांब, ठोकले. आवाज बद्द आला की काँक्रीट आतून पोकळ. इथे सगळीकडे खणखणीत. स्लॅबही धड. सगळा भार कॉलमवर, भिंत म्हणजे नुसता आडोसा. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. त्यात निलगिरी म्हणजे पक्की बेवडी. पायाखालची ओल तिनं ओढून घेतली, माती खचली आणि भिंत फाटली.

अमरावतीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, ग्रेड तीन. दुरुस्ती होईल."

"भिंतीतून झाड दिसतं म्हणता, आणि ग्रेड तीन?"

"भिंतीतून दिसतं. कॉलममधून नाही."

"उद्या काही झालं तर?"

"सही माझी आहे."

"सही तुमची, खुर्ची माझी. भेगेवर काच लावा. काच तुटली की कुलूप."

भेगेच्या दोन्ही काठांना चिकटवून काचेची पट्टी लावतात. भिंत हलली की काच तुटते. मी ती लावली, खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली. माती थाऱ्यावर येईपर्यंत भेग मुद्दाम बुजवली नाही. मग सिस्टरांना सांगितलं, झाड तोडावं लागेल.

"मीच लावलं हो ते. इथी नवीन आली तवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर बाहेर गेल्या, खोडावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. सावलीत सुनीता बसली होती.

"ऊठ माय," त्या तिला म्हणाल्या. "व्हरांड्यात बस."

झाड गेलं. पावसाचं पाणी पायाशी साचू नये म्हणून भोवती सिमेंटचा उतार केला. सुनीताला त्याच खोलीत मुलगी झाली.

भर पावसाळ्यात सिस्टरांचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, काच फुटली. गुपचूप दुसरी लावली असती तं कोणाले समजलं असतं? पण इथी बाया निजतात." साहेबांना कळवलं. ते म्हणाले, कुलूप. मी म्हटलं, आधी पाहून येते.

रस्ताभर तेच डोक्यात. झाडाचाही बळी दिला, आणि खोलीही गेली?

भिंतीजवळ गेले. काचेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब गेले नव्हते. एकावर एक चढले होते. मागे भेग मिटली होती. ओल ओढायला झाड नव्हतं, म्हणून खालची माती पुन्हा ओल पिऊन फुगली होती, आणि भिंत हळूच आपल्या जागी परतली होती. मी खाटेवर आडवी झाले आणि कितीतरी वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले. उजेड नाही, पानं नाहीत. आनंद झाला होता, तरी ती पानं हवीशी वाटत होती. मग फोन लावला.

"साहेब, भेग मिटली म्हणून काच तुटली."

साहेबांनी दोनदा विचारून खात्री केली.

"बरं. ग्रेड तीन."

तेव्हापासून हाताखालच्या इंजिनिअरांना सांगते, काच तुटली हे फोनवर कळतं. कशी तुटली, ते पाहायला जावं लागतं.