दादानं न दिलेलं रगत

"आमाला बहीण न्हाई."

माझा सख्खा भाऊ बोलला हे. पाव्हण्यांसमोर. मी दाराच्या पलीकडं, कोंदट खोलीत, खताच्या पोत्यावर बसलेली.

दादाची लेक अश्विनी. तिला बघायला कराडकडचं बडं पाव्हणं आलं हुतं. त्यातली एक बाई सहज म्हणली, "पोरीची आत्या दिसंना ती?" त्यावर दादाचं हे उत्तर.

सकाळीच त्यानं मला सांगितलं हुतं, "तू आत बस. तुला बघून लोक धा प्रश्न इचारतील." गेल्या साली कॅन्सरपायी माझं एका बाजूचं थान काढलं. पदर कितीबी ओढला तरी बायकांची नजर तिथंच जाती. म्हणून बसले आत. पण बहीणच न्हाई? अरं, जित्ती हाय की मी! ह्या पोरीच्या बारशाला कानात कुर्र करून नाव ठेवलं ते मीच.

ऑपरेशन सांगलीला झालं. डॉक्टर परमुलखातलं. इंग्रजी बोलायचं, न्हाईतर हिंदी. दादाचं परराज्यात सोनं गाळायचं दुकान हाय, त्याला दोन्ही येतंय. म्हणून दरखेपेला तोच पुढं. दिवाळीच्या आधी माझ्या रगताच्या एका मोठ्या तपासाचा कागद आला. डॉक्टर लय येळ बोललं. कागदावर गोल काढून दावलं. बघायचं माझ्याकडं, आन् बोलायचं दादाशी. रोग माझा, बोलणं त्यांचं.

मी इचारलं, "दादा, काय म्हणत्यात?"

"काय न्हाई. गोळ्या येळेवर घे म्हणत्यात."

एवढ्या बोलण्याचं एवढंच? पण गप बसले. आमाला सवयच गप बसायची.

पुढच्या खेपेला दादा दुकानावर गेलेला. मी एकटीच एसटीनं गेले. तिथं पेशंटला समजावून सांगायला एक पोरगी बसती, तासगावची. तिनं आपल्या बोलीत इचारलं, "मावशी, भावाचं रक्त कवा देताय?"

"कसलं रगत?"

तिनं मला खुर्चीत बसवलं. मग पाणी दिलं आन् सगळं उलगडून सांगितलं. काही घरांत हा रोग रगतातनं येतो. आईकडनं येतो तसा बापाकडनंबी. माझी आत्या ऐन चाळिशीत ह्यानंच गेली. लोक म्हणली, करणी केली कुणीतरी. तीच रगतातली खोड बापाकडनं माझ्यात आली. दादात असंल, न्हाईतर नसंल. त्याचं रगत बघायचं. त्याच्यात नसली तर अश्विनीला ह्या खोडीचं भ्या न्हाई. असली तर अश्विनीचंबी बघायचं. तिच्यात निघाली म्हणजे रोग झालाच असं न्हाई, पण तपासण्या करत ऱ्हायचं. लवकर सापडलं तर माणूस वाचतंय.

"सरांनी हे सगळं भावाला सांगितलंय की, मावशी," ती म्हणली.

घरी येऊन दादाला फोन लावला. म्हणला, "बायकांचा रोग माझ्यात कसा असंल गं? लोक हसतील. आन् पोरीचं लगीन झाल्याबिगर अवाक्षर काढायचं न्हाई. शपथ हाय तुला."

एक सुई टोचायची हुती. तेवढ्यानं पोरगी सुटली असती, न्हाईतर सावध झाली असती. बापाची इज्जत आडवी आली.

पोत्यावर बसून हेच डोक्यात घुमत हुतं. भाईर ती बाई हसत म्हणली, "नाक कुणाचं घेतलंय पोरीनं?"

"आजीचं," वहिनी म्हणली.

खोटं! सारा गाव सांगतोय, पोरगी आत्यावर गेलीया. माझं नाक, माझं केस. आणखी काय काय आलंय तिच्यात, कुणाला ठावं? मग असा संताप आला, म्हणलं, खड्ड्यात गेली ती शपथ.

कडी काढली. भाईर गेले.

"मी हिची आत्या," म्हणलं. रोगाचा शब्द काढला न्हाई. ते पहिलं अश्विनीनं ऐकायचं, परक्यांनी न्हाई. तिचा हात धरून परड्यात नेलं आन् सगळं सांगितलं.

पोरगी पांढरीफटक पडली. मग एकच इचारलं, "पप्पांना म्हाईत हुतं?"

"हुतं."

पाव्हणं गेल्यावर दादा माझ्या अंगावर धावून आला. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस! पुन्यांदा ह्या घराची पायरी चढू नगंस!"

अश्विनी मधी उभी राहिली. "पप्पा, उद्या चला सांगलीला. रक्त द्या."

दादानं मान हलवली. न्हाई.

बरं. नगं देऊ. पोरगी सोताचं देणार हाय आन् मी संगं जाणार हाय. डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत ती बसंल, शेजारी मी. सांगणार हाय त्यांना, आमच्याशीच बोला, आमाला कळंल असं बोला, येत नसंल तर त्या तासगावच्या पोरीला बोलवा. तिथनं मलकापूरला जाणार, आत्याच्या लेकीकडं. तिला अजून कायबी म्हाईत न्हाई. तिच्या नवऱ्याला भाईर बसवणार आन् तिच्या तोंडावर सांगणार. हाकललं तर परत जाणार. आमच्या रगताची एकबी बाई आता न कळता मरायची न्हाई.