मंडईत मी वेडा झालो तेव्हा

आमच्या घराण्यात वेड नाही. हे मला भर मंडईत, माइकवरून, हातात नारळ धरून जाहीर करावं लागलं.

बालाघाटच्या आमच्या नाट्यमंडळाचा मी दिग्दर्शक, नायक आणि (दुसरं कोणी तयार नसल्यामुळे) अध्यक्ष. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते (भाजीची नव्हे) आणि तीत रडकी कौटुंबिक नाटकं होतात. यंदा हट्ट्याजवळच्या आमच्या गावी मी आधुनिक नाटक लावलं. नायक वेड्यांच्या इस्पितळात. आपण कोण, हेच त्याला आठवत नाही. शेवटी तो प्रेक्षकांना विचारतो, "मी कोण?" आणि मग दीर्घ शांतता. विद्वान या शांततेवर पुस्तकं लिहितात. (गावाला आम्ही लावणी आहे असं सांगितलं होतं.)

नेमकी तेव्हाच धाकट्या विलासची सोयरीक जमत आली होती. मुलीचे मामा वारासिवनीहून घराणं पाहायला आले आणि बाबांनी त्यांना थेट पहिल्या रांगेत बसवलं!

पडदा उघडला. मी डोक्यावर जोडा ठेवून भिंतीशी भांडू लागलो.

"हे कवापासून असं करते जी?" मामांनी विचारलं.

"नाटक होय ना मामाजी!" बाबा म्हणाले.

"हौ, पण लय सवयीचं दिसते."

विंगेतून विलास कुजबुजला, "दादा, जरा कमी कर ना! सोयरीक मोडून राह्यली माही!"

"कला कमी-जास्त होत नसते," मी म्हणालो आणि भिंतीला चावलो.

आता मंडईचा एक रिवाज. नाटक कितीही रंगात असो, नातेवाइकाने मध्येच स्टेजवर चढून नटाला नारळ द्यावा आणि नटाने माइकवर देणाऱ्याचं नाव, नातं सांगून हात जोडावेत. मी गंभीर आवाजात विचारलं, "मी कोण?" शांतता पसरली. पुस्तकातल्यासारखी!

बाबा नारळ घेऊन उठले. "काहून इचारतं लेका? माहा मोठा पोरगा होय तू! एमए झाला! बिजली ऑफिसात हायेस!"

ते स्टेजवर आले. नारळ माझ्या हातात आणि माइक तोंडाशी आला. हात जोडले असते, तर नाटक तिथेच मेलं असतं. मी शून्यात पाहत म्हणालो, "मी यांना ओळखत नाही!"

टाळ्या पडल्या. मामा मात्र उभे राहून चपला शोधू लागले. "सख्ख्या बापाले ओळखत नाही! उद्या लहान्यालेही हेच होईन!"

विंगेत विलासचे डोळे भरून आले होते. तेवढा खरा अभिनय आमच्या मंडळात आजवर कोणी केला नव्हता. मी कला सोडली.

"मी शहाणा आहे!" मी माइकवर ओरडलो. "हे माझे बाबा! आमच्या घराण्यात कोणीच वेडं नाही!"

प्रेक्षक हसून लोळले. शिट्ट्या, वन्स मोर! जितकं जास्त शपथेवर सांगावं, तितका हशा. मामांनी एक चप्पल घातली, दुसरी हातात घेतली आणि ते तसेच विंगेत जाऊन विलाससमोर उभे राहिले.

"हे कोण होय?" त्यांनी स्टेजवरच्या बाबांकडे बोट दाखवलं.

"माहे बाबा."

"अन् तो?"

"माहा दादा."

मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दुसरी चप्पल घातली. "लहान्याचं बरं हाय. पक्कं समजा."

लग्न थाटात झालं. मांडवात मामा पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते, "हे नवरदेवाचे मोठे भाऊ." मग माझ्या खांद्यावर मायेनं हात ठेवून, आवाज जरा खाली आणत, "आता बरे हायेत."