पालक का मोबाइल

घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट बाबांना समजावता समजावता तो मलाही थोडाथोडा समजत गेला. आमच्या कॉलेजात प्रवेश, वाचनालय, हॉस्टेल, सगळ्यांचे फॉर्म वेगळे. मी ठरवलं, कॉम्प्युटरवर एकच मूळ फॉर्म लिहायचा: नाव, पत्ता, घरचा मोबाईल. बाकीचे फॉर्म त्याच्यापासून काढायचे, म्हणजे या जागा त्यांना आपोआप मिळतात. मूळ फॉर्मात एक शब्द बदलला की खाली सगळीकडे बदलतो.

"म्हणजे मला दर वेळी नंबर लिहायला नको?" बाबांनी विचारलं. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. शाळेपासूनचा माझा प्रत्येक फॉर्म त्यांनीच भरलेला, एकेक आकडा चौकटीत बसवून.

"लिहावा लागेल बाबा. लिहायची जागा तेवढी आपोआप येते."

"बरं. जागा तर जागा."

आमच्या गावात सगळं हिंदी, म्हणून फॉर्मही हिंदीत होता. मी घरच्या मराठीच्या सवयीनं लिहून गेले, 'पालक का मोबाइल'. इकडच्या बोलण्यातल्या हिंदीत पालक म्हणजे भाजीच. शेजारची मैत्रीण ओरडली, "अरे, मेथी का नंबर नहीं चाहिए?" सगळी लॅब हसली. लाजून मी घाईनं 'पालक' खोडलं आणि 'पिता' लिहिलं. 'अभिभावक' सुचलंच नाही. त्यातून आई गळली, हेही ध्यानात आलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा मात्र ठसका लागेपर्यंत हसले. पुढे आमच्या प्रेम नगरच्या भाजीवाल्यासमोर जुडी उचलून विचारायचे, "यातला तुझा पालक कुठला?"

फॉर्म जमा झाला की त्या नंबरवर मेसेज जायचा. तपासताना मी बाबांचाच नंबर घालायचे. कारखान्यात त्यांचा फोन वाजत राहायचा आणि ते शेजारच्याला सांगायचे, "बिटिया का कॉलेज बोल रहा है."

थंडी संपता संपता ते गेले. सकाळी डबा घेऊन निघाले आणि कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोचले.

तेराव्यानंतर प्रोजेक्ट दाखवायचा होता. सरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हॉस्टेलचा फॉर्म उघडला, 'पिता का मोबाइल' रिकामं ठेवून बटण दाबलं. लाल अक्षरं आली. फॉर्म पुढे जाईना.

"बेटा, जिनके पिता नहीं हैं, वो क्या भरेंगे?"

मैत्रीण खाली बघत राहिली.

"आसान है," सर म्हणाले. "उनके लिए इसी से एक अलग फॉर्म निकालो. उसमें पिता को नन कर दो, हट जाएगा."

नन म्हणजे इंग्रजीतलं None, काही नाही. वरून आलेली जागा खाली नको असेल, तर तिच्या नावापुढे तेवढं लिहायचं असतं. मी लिहिलंही. 'पिता = नन'. ती ओळ बघत बसले. मग ती पुसली, वर मूळ फॉर्मात गेले आणि 'पिता का मोबाइल'चं 'अभिभावक का मोबाइल' केलं.

"हाँ, ये बेहतर है. अब भरके दिखाओ."

आईचा नंबर घालायला गेले, तर आईला स्वतःचा फोन कधी नव्हताच. आता बाबांचा तिच्याजवळ असतो. मी तेच दहा आकडे घातले. फॉर्म जमा झाला.

जरा वेळानं माझा फोन वाजला. त्यावर 'बाबा' असं आलं.

"अगं," पलीकडून आई म्हणाली, "यांना कुणाचा तरी मेसेज आलाय. कुणाला कळवायचं राहिलंय का?"

"नाही आई," मी म्हटलं. "तो तुला आहे."