शिलाईत गेलेलं शेपूट

"आगं नालोंगो, ह्यो माझा रेणू न्हाई!"

"तुझा न्हाई तर काय माझ्या सासऱ्याचा? तुझ्याच कागदावनं उतरवलाय."

अत्विने पडद्यावर बोट आपटत होता. पाचाला विद्यापीठाची खिडकी मिटायच्या आत त्याचा रसायनशास्त्राचा प्रबंध गेला नाही, तर त्याची पदवी सरळ पुढल्या वर्षावर.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झाली त्या दिवसापासून विद्यापीठाजवळच्या वांडेगेयात तिचं माहेरचं नाव कुणी घेतलेलं नाही. प्रबंध टाइप करायचे आणि बांधायचे, हा तिचा धंदा. रेणू ती हातानं काढत नसे. अक्षरजुळणीच्या प्रोग्रामला, चुकलेल्या पाव्हण्याला वाट सांगावी तसं लिहून सांगायची: इथनं निघ, एवढं वळ, सहा कोनांचं कडं कर, ही दांडी जाड कर.

अत्विनेचा रेणू मुलुलुझाच्या कडू पाल्यातला, तापाला ज्याचा रस पितात तो. त्याचं लांब शेपूट डावीकडं नेमकं शिलाईत जात होतं. बांधणाऱ्या बाईला ते कसं खपावं? तिनं एक शब्द घातला आणि सगळं चित्र आरशात धरल्यागत उलटवलं.

"त्यो त्याचा जुळा झाला," अत्विने म्हणाला. "जाड दांडी म्हंजी कागदातनं आपल्याकडं आलेला हात. आरशात धरलास, उजव्याचा डावा झाला."

जुळा म्हटल्यावर नालोंगो खुर्चीतनं पुढं सरकली. "माझ्या वास्वाच्या डोस्क्यावरचा भोवरा उजवा, कातोचा डावा. बाकी बापालाबी वळखू येत न्हाईत. तसं?"

"तस्संच. घड्याळ बघ, माय!"

"थांब की. मग ह्यो दुसराबी कडूच लागंल?"

"कुणी चाखलाय? पाल्यात त्यो गावतच न्हाई."

"मग पाल्याला कसं कळतं, ह्योच करायचा, त्यो न्हाई?"

"ह्ये परीक्षकाला सुचू नगो, म्हंजी झालं."

नालोंगोनं उकडलेल्या केळ्यांच्या मातोकेचं ताट टेबलावर गरकन अर्धं फिरवलं. "आरसा नगो. असा नुसता फिरवला तर?"

"फिरव! फिरवला तर त्योच ऱ्हातो."

शेपूट उजवीकडं मोकळ्यात आलं. पान छापलं, बांधणी झाली, आणि ओल्या डिंकाचा प्रबंध काखेत मारून अत्विने बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलीवर, बसला.

पाचाच्या सुमाराला फोन आला. "घेतला! डिंक बोटाला लागला म्हणून कारकून बोंबलला, पर घेतला."

"पाल्याचं इचारलं का कुणी?"

"न्हाई गं बाई!"

"मग तूच इचार कुणाला तरी," म्हणून तिनं फोन ठेवला. पुढचा प्रबंध कोंबड्यांच्या रोगावरचा होता. तो उघडून कुठली आकृती शिलाईत जातीय का, ते ती बघू लागली.